कुत्रा खातो ते गवत ओळखायला घेतलेलं दहापटी भिंग : एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यावरचं मत

घडीचं, दहा पट मोठं दाखवणारं, सराफ डोळ्याला लावून बसतात ते भिंग. मला साडेसहाशे रुपयांना पडलं. पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

हिरे पारखण्याची वेळ आमच्या घरावर अजून आलेली नाही. हे घेतलं ते आमचा गुंड्या टेकडीवर कुठल्या गवताची कणसं खातो हे ओळखायला. पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळ एका बोळात सोनारकामाची हत्यारं विकणारं दुकान आहे. तिथल्या गल्ल्यावरच्या काकांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे, मग पिशवीतून डोकावणाऱ्या वाळक्या काड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, गवताला कशाला ट्रिपलेट? साधं न्या, शंभरात मिळेल." साधं घरी होतंच. म्हणून तर त्यांच्याकडे गेले होते.

त्या साध्याबद्दल आधी सांगते, कारण बहुतेक जण तेच मागवतात. ऑनलाइन मिळतं, चकचकीत असतं, डबीवर '३० × २१' असं काहीतरी छापलेलं असतं. तीस पट वगैरे काही नाही. आत एकच जाड काच. मधोमध ठीक दिसतं, पण कडेला सरळ काडी वाकडी होते आणि प्रत्येक वस्तूभोवती जांभळी-पिवळी किनार उमटते. ब्लाउजच्या कापडाचा धागा बघायला एक वेळ चालेल (मी शिवणकाम करते, तेवढ्यासाठी ते मशीनच्या खणात पडलेलं असायचं). गवताला मात्र बिलकुल चालत नाही. कितीतरी गवतांच्या दाण्यांवर आणि पानांवर खरोखरीची जांभळी झाक असते आणि ओळखीची ती एक खूण असते. ती झाक गवताची की काचेची, हेच कळेनासं झालं तर भिंग घेऊन उपयोग काय?

ट्रिपलेटमध्ये तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. त्यामुळे ती रंगीत किनारही जाते आणि कडेचा वाकडेपणाही. हिऱ्यातले डाग, भेगा जगभर दहा पटीखालीच बघतात. त्यामुळे ह्या मापाचं चांगलं भिंग सराफ बाजारात हमखास मिळतं. घेताना आलेख कागदाचा एक तुकडा बरोबर न्यायचा आणि काउंटरवरच बघायचा. कडेपर्यंत चौकोन चौकोनच राहिले, रेघांना रंग आला नाही, तर पैसे द्यायचे. काकांना ही युक्ती आवडली. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकासाठी तो तुकडा ठेवूनच घेतला.

वापरायची पद्धत कोणी सांगत नाही. लहानपणी ऊन गोळा करून कागद जाळायचो तसं हे हात लांब करून धरायचं नसतं. भिंग अगदी डोळ्याला, चष्म्याला टेकवायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. दहा पटीच्या भिंगाला साधारण अडीच सेंटिमीटरवर नीट दिसतं, म्हणजे काडी जवळजवळ नाकाशी येते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली की थरथर थांबते. पाठ उजेडाकडे करायची नाही, उजेड काडीवर पडला पाहिजे. टेकडीवर उभं राहून हे करताना लोक बघतात. बघू देत. पहिल्या आठवड्यानंतर ते नमस्कार करायला लागतात.

आता गुंड्या. गावठी, तांबूस, कान अर्धे पडलेले. आम्ही पाषाणच्या बाजूने वेताळ टेकडीवर चढतो. पानं चघळणं हे पुष्कळ कुत्री करतात. गुंड्या त्याच्या पुढचा आहे. तो काडी दाढेत आडवी धरतो, मान वर ओढतो आणि कणीस सोलून घेतो. शेजारी चार जातींचं गवत असलं तरी त्यातलं एकच निवडतो. तोंडाला येईल ते खात असता तर मी एवढी मागे लागले नसते.

गवत खाल्लं म्हणजे पोट बिघडलं असणार, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक संशोधकांनी दीड हजारांहून जास्त कुत्रेवाल्यांना विचारून २००८ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात ६८ टक्क्यांनी सांगितलं की आमचं कुत्रं रोज नाहीतर आठवड्याला तरी वनस्पती खातं. खाण्याआधी आजारी वाटणारी कुत्री दहातल्या एकाहूनही कमी, आणि नंतर नेहमी ओकणारी २२ टक्के. म्हणजे बहुतेक कुत्री बरी असतानाच खातात आणि पचवतात. आमच्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं. गवत खाल्लं म्हणून फोन करू नका, पण काही झालंच तर कुठलं खाल्लं ते सांगता आलं पाहिजे. "हिरवं" हे उत्तर त्यांना पुरत नाही.

फोनवरची झाडं ओळखणारी अ‍ॅप्स वापरून पाहिली. जास्वंद, गुलमोहर, घाणेरी झटकन सांगतात. गवताच्या फोटोला दर वेळी वेगळं नाव येतं. त्यांचा तरी काय दोष? गवताची ओळख दोन-तीन मिलिमीटरच्या दाण्यात आणि पानाच्या बुडाशी असते, आणि फोटोत येतं ते वाऱ्यावर हलणारं हिरवं काहीतरी. त्या दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पोचायचं तर भिंगच लागतं.

गुंड्याचं सर्वांत आवडतं गवत भिंगाखाली पहिल्याच बैठकीत सुटलं, तेही दाण्याकडे न बघता. पान जिथे खोडाला बिलगून असतं तिथून हलकेच मागे ओढायचं आणि आतला सांधा बघायचा. बहुतेक गवतांना तिथे एक पातळ पडदा किंवा केसांची झालर असते. अभ्यासाच्या पुस्तकात तिला जिव्हिका म्हणतात. हराळीला बारीक पांढऱ्या केसांची ओळ दिसते. ह्या गवताला काहीच नव्हतं. पडदा नाही, केस नाहीत, नुसता गुळगुळीत सांधा. आपल्याकडे अशी सांध्यावर काहीच नसलेली गवतं थोडी आहेत. मग कणीस पाहिलं: आखूड आखूड फाटे, त्यांवर टपोरे दाणे चार ओळींत दाटीने बसवलेले, कुसळ एकालाही नाही. काही पानांवर जांभळे आडवे पट्टे. काडी घेऊन खाली आले आणि सोसायटीच्या वॉचमन मामांना दाखवली. मामा सासवडकडचे. त्यांनी भिंग बाजूला सारलं, काडी फक्त बोटांत फिरवली आणि म्हणाले, "पाखड हाय की. म्हशी तुटून पडत्यात ह्याच्यावर."

पाखड म्हणजे सावा ह्या धान्याचा रानटी पूर्वज. माणसाने ह्याच गवतापासून आपल्याकडचा सावा पिकवायला घेतला. उपवासाच्या भगरीच्या नात्यातलं गवत कुत्रा सोलून खातोय म्हटल्यावर माझ्या सासूबाईंची काळजी पार मिटली. उलट आता एकादशीला त्याचं कौतुक होतं. पाखड ओलीला येतं, नाल्याच्या कडेला, बागेच्या पाइपाखाली, म्हणून ते टेकडीवर कमी आणि पायथ्याशी जास्त. त्यामुळे गुंड्या चढताना का रेंगाळतो, तेही कळलं.

इथपर्यंत मामांनी भिंगाशिवायच काम केलं असतं, हे खरं. भिंगाची किंमत वसूल झाली ती दुसऱ्या गवतावर. लांबट, लोकरी, केसाळ कणसाची गवतं पावसाळ्याच्या शेवटी टेकडीभर असतात आणि लांबून सगळी सारखीच वाटतात. गुंड्या त्यांतली काही खातो. आधी बोटांची परीक्षा करायची. पिकलेलं कणीस दोन बोटांत चोळायचं. दाणे गळून केस काडीवरच राहिले तर ते एका कुळीचं, राळा ह्या धान्याच्या भावकीतलं. केस दाण्याबरोबर झुपक्याने सुटून आले तर दुसऱ्या कुळीचं, अंजन किंवा दीनानाथ गवत. गुंड्याच्या शेपटीला अडकून घरात सोफ्यावर येतात ते झुपके हेच.

राळ्याच्या भावकीत पुन्हा दोन प्रकार, आणि इथे भिंगाला पर्याय नाही. केस आडवा धरून दहा पटीत बघितला की त्यावर बारीक काटे दिसतात, करवतीला असतात तसे. बघायचं एवढंच की काटे कुठल्या दिशेला वळलेत. काट्यांची टोकं शेंड्याकडे असतील तर ते न चिकटणारं गवत. टोकं बुडाकडे वळलेली असतील तर ते चिकटणारं गवत. त्याचं कणीस कपड्याला, लोकरीला, एकमेकांना लागलं की सुटत नाही. बोट कणसाच्या बुडाकडून शेंड्याकडे नेलं तर अडकतं, हीही खूण आहे. पण दवाने ओलं असताना बोट फसवतं, भिंग नाही. हे कुत्र्याने चावलं तर ते केस हिरडीत आणि जिभेखाली रुततात आणि तिथे लालसर, खडबडीत चट्टे येतात. गुंड्याच्या वरच्या हिरडीवर असाच एक चट्टा होता. मी दंतमंजन बदलून बघत होते. डॉक्टरांनी चिमट्याने काढलेलं कुसपट कापसावर ठेवून मला दिलं. मी ते भिंगाखाली धरलं तर काटे उलटे. त्या दिवसापासून त्या पट्ट्यातून जाताना दोरी आखूड.

आणि कुसळी. ही तो पिकलेली खात नाही, कोवळं पान तेवढं ओढतो. पण टेकडीवर कुत्रा नेणाऱ्या प्रत्येकाने ही एकदा भिंगातून बघावीच, एवढ्यासाठी भिंग उसनं द्यायला मी तयार आहे. पावसाळा सरला की हिची कणसं तपकिरी होतात आणि वरची लांब कुसळं एकमेकांत पीळ घालून एकच वेणी होते. कणसाच्या खालच्या दाण्यांना कुसळ नसतं, वरच्यांनाच असतं. त्यातला एक दाणा वेगळा काढून काळ्या कापडावर ठेवायचा. बुडाला सुईसारखं टोक. टोकावर तांबूस केस, सगळे मागे वळलेले. टोक आत शिरलं की हे केस त्याला परत फिरू देत नाहीत. वर कुसळ, अर्ध्यापर्यंत घट्ट पिळलेलं आणि मग काटकोनात मोडलेलं. आता त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि भिंग न हलवता थांबा. पीळ उलगडायला लागतो आणि दाणा कापडावर जागच्या जागी गरगर फिरतो. वाळला की पुन्हा उलट पीळ. रात्री दव, दिवसा ऊन, असं आळीपाळीने फिरत हे बी स्वतःला मातीत पेरून घेतं. मातीऐवजी कुत्र्याच्या बोटांची बेचकी मिळाली तरी त्याचं काम चालूच राहतं.

म्हणून ऑक्टोबरपासून घरी आल्यावर पाय, काखा, कान तपासायचे. कुत्रा एकच पंजा सारखा चाटतोय, अचानक शिंकांवर शिंका देतोय किंवा एका बाजूला डोकं झटकतोय, तर घरी कोरत बसू नये. कुसळ एक्स-रेत दिसत नाही. कुठलं गवत होतं हे सांगितलं की डॉक्टरांना शोधायला दिशा मिळते. टेकडीच्या माथ्यावर, जिथे मुरूम उघडा आहे, तिथे आणखी एक कुसळाचं गवत आहे. त्याच्या दाण्याला तीन फाट्यांचं कुसळ असतं. तेही रुततं. ते ओळखायला मात्र भिंग लागत नाही, नुसतं मोजता यायला हवं.

बाकी गवतांचं थोडक्यात. मारवेलच्या पेऱ्याभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, भिंगात फार देखणं दिसतं. गुंड्या त्याची पानं खातो, कणीस सोडतो. हराळी सगळं वर्ष, सकाळी, भुकेच्या आधी. लव्हाळा हे गवत नाहीच. काडी बोटांत फिरवली की तीन कोपरे लागतात. तो महापुरात वाचतो, गुंड्याच्या तोंडातूनही वाचतो.

आता भिंगाला काय जमत नाही ते. कणीस न आलेलं कोवळं गवत ओळखायला त्याची मदत बेताचीच. सांधा बघून अंदाज येतो, खात्री नाही. दुसरं, खाण्यातला खरा धोका पुष्कळदा गवताचा नसतोच. सोसायटीच्या लॉनवर तणनाशक मारलं असेल तर दहा पटीत काय आणि शंभर पटीत काय, दिसत नाही. त्यासाठी माळ्याला विचारावं लागतं, तेही फवारणीच्या आदल्या दिवशी. ज्वारीचं कोवळं पोटरीच्या आधीचं पीक किंवा तोडणीनंतरचे फुटवे खाऊन गुरांना किराळ लागते, हे गावाकडे सगळ्यांना माहीत असतं. त्यात सायनाइड तयार होतं. कुत्र्यालाही मी ज्वारीच्या बांधावर चरू देत नाही, मग भिंग काहीही म्हणो. बाजरीच्या कणसातून मधासारखे चिकट थेंब दिसले तर तो अरगट रोग असू शकतो. ते थेंब भिंगाशिवायही दिसतात, पण मुंग्या कशाला लागल्यात हे भिंगाने आधी कळतं. अशा कणसाजवळही नको.

न सांगता मिळालेला फायदा म्हणजे गोचीड. टेकडीवरून आल्यावर गुंड्याच्या पोटावर मोहरीहून बारीक तपकिरी ठिपके दिसतात. भिंगाखाली पाय मोजले. सहा असतील तर नुकतं फुटलेलं गोचिडाचं पिल्लू, आठ असतील तर मोठं होत आलेलं. सहावाली दिसली की समजायचं, अंडी जवळपासच उबली आहेत आणि अजून पुष्कळ येणार. गोचिडाच्या औषधाची तारीख मी आता ह्यावरून ठरवते. घरातल्यांना मात्र हे जेवणाच्या टेबलावर चालत नाही.

माझी पद्धत साधी आहे. गुंड्याने सोललेल्या काडीची शेजारची अख्खी काडी बुडापासून कापायची, पान आणि सांध्यासकट. लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालायची, वर तारीख आणि जागा लिहायची. घरी काळ्या मखमलीच्या कापलेल्या तुकड्यावर दाणे झटकायचे. पांढऱ्या कागदावर गवताचे पांढरे केस दिसत नाहीत, हे शिवणकाम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. फोनचा कॅमेरा भिंगाला टेकवला तर फोटोही येतो, आणि असा फोटो डॉक्टरांना पाठवता येतो. त्यासाठी भिंगाची काच निदान अठरा मिलिमीटर रुंद असलेली बरी. त्याहून लहान असली तर फोनमध्ये काळं वर्तुळच जास्त येतं.

कापलेला अर्धा तारा बिजागरीचा आणि दोरीचा. बिजागरीचा स्क्रू पहिल्या पावसातच ढिला झाला. सोनाराकडून दोन मिनिटांत आवळून मिळतो, पण नव्या वस्तूला हे व्हायला नको. दोरी म्हणून काळा सॅटिनचा गोंडा देतात. तो गळ्यात घामाने ओला होतो आणि कुसळं झकास गोळा करतो. मी त्या जागी चष्म्याची नायलॉनची दोरी लावली. भिंगाच्या पोलादी कवचावरचा काळा रंग आता कोपऱ्यांवर उडालाय, त्याने दिसण्यात फरक पडत नाही.

वीस पटीचंही दुकानात आहे, काका ते आग्रहाने दाखवतात. गवताला घेऊ नका. वस्तू इतकी जवळ धरावी लागते की तिच्यावर स्वतःचीच सावली पडते, आणि दाण्याचा एक कोपरा दिसतो तेव्हा बाकीचा दाणा दिसत नाही. दहाचंच मागा, ट्रिपलेट आहे ना हे दोनदा विचारा, आणि आलेख कागद आता तिथे काउंटरवर आहेच.